वादाच्या विषयावर कॉलेजचा पेपर लिहायचाय? आधी भांडणाचे तुकडे पाडा

दिवाळीची सुट्टी संपली की टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या, पोरापोरींची एकच धावपळ सुरू होते, प्रोजेक्टला विषय कुठला घ्यायचा. सांगलीत असाल तर विषय जवळजवळ ठरलेलेच असतात, महापूर आणि अलमट्टी (कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण), उसाची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला किमान दर), शक्तिपीठ महामार्ग, आरक्षण. साताऱ्याकडचे असाल तर कोयना धरणग्रस्त, पठारावरच्या पवनचक्क्या, कासचं पर्यटन. विषय सगळे चांगलेच आहेत, पण यातल्या प्रत्येकावर तुमच्या घरात, गल्लीत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच भांडणं झालेली असतात, आणि तेच भांडण मग चाळीस पानांत टाइप होऊन स्पायरल बाइंडिंग करून सबमिट होतं. गाइड सर सही करतात, मार्क पण पडतात, पण त्याला रिसर्च म्हणत नाहीत. मी दरवर्षी ज्युनिअर्सना जे सांगतो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण बहुतेक अलमट्टीचंच घेणार, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथंच अडकतात.

विषय घेऊ नका, प्रश्न घ्या

"अलमट्टी धरण आणि सांगलीचा महापूर" हा विषय झाला, पुरवणीतल्या लेखाला शोभेल असा. पेपरला प्रश्न लागतो. आता आपल्याकडचं वाक्य घ्या, "अलमट्टीमुळं सांगली बुडते." ऐकायला एकच वाक्य आहे पण आत चार वेगवेगळी भांडणं आहेत. एक, पुराच्या दिवसांत अलमट्टीतून पाणी वेळेत आणि पुरेसं सोडलं गेलं का. दोन, अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामागं तुंबलेल्या पाण्याचा, परिणाम वरच्या बाजूला सांगलीपर्यंत पोचतो का. तीन, धरणाची उंची वाढवायचा कायदेशीर हक्क कर्नाटकला आहे का. चार, एका राज्याच्या सिंचनासाठी दुसऱ्या राज्यातल्या लोकांनी धोका का सोसायचा.

पहिल्याचं उत्तर रोजच्या पाणीपातळीच्या आणि विसर्गाच्या नोंदींत आहे. दुसऱ्याला नदीचं गणिती मॉडेल लागतं, ते इंजिनिअरचं काम. तिसऱ्याचं उत्तर लवादाच्या (राज्यांमधला पाणीतंटा सोडवायला नेमलेल्या न्यायमंडळाच्या) आणि सुप्रीम कोर्टाच्या कागदांत. चौथं न्याय-अन्यायाचं, त्याला आकडा उत्तर देऊच शकत नाही. बीएला असाल तर दुसऱ्याच्या नादाला लागू नका, तिथं तुम्ही फक्त कुणाचं तरी म्हणणं उचलून लिहाल. तिसरा घ्या, नाहीतर "2019 नंतर सांगलीतल्या पेपरांनी पुराची कारणं कशी मांडली" असा घ्या, तो तुमच्या आवाक्यातला आहे आणि सामग्री इथंच वाचनालयात मिळते.

एका पेपरला एक प्रश्न. बाकीचे तीन प्रस्तावनेत दोन दोन ओळींत उल्लेख करून सोडून द्यायचे. इथंच पोरांचा जीव कासावीस होतो, सगळंच घालावंसं वाटतं.

आकड्यांचं एकक आधी समजून घ्या

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोण करत नाही, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिली विकेट इथंच पडते.

अलमट्टीचे दोन आकडे तुम्हाला सगळीकडं दिसतील, 519.60 मीटर आणि 524.256 मीटर. पहिला सध्याच्या साठ्याचा, दुसरा कर्नाटकला पाहिजे असलेला. दरवर्षी कोणीतरी लिहितंच की "धरणाची उंची 519 मीटर आहे". अरे बाबांनो, अर्धा किलोमीटर उंच भिंत कुठं असते का! हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत, म्हणजे पाणी त्या पातळीपर्यंत साठवायचं. दोन्हीतला फरक काढा, 4.656 मीटर, म्हणजे साधारण सव्वापंधरा फूट. भांडण आहे ते या सव्वापंधरा फुटांचं.

आता सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी. 40 फुटाला इशारा, 45 फुटाला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. हे फूट म्हणजे पुलाजवळच्या मोजपट्टीवरचं वाचन, त्याचा शून्य वेगळा. म्हणून आयर्विनचे फूट आणि अलमट्टीचे मीटर शेजारीशेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही, आधी दोन्ही एकाच पायावर आणावे लागतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारे बरेचसे "पुरावे" नेमके हाच घोळ घालतात.

अजून एक छोटं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो वेग झाला, आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, तो साठा. एक लाख क्युसेक विसर्ग पूर्ण 24 तास चालला तर 8.64 टीएमसी पाणी जातं. अलमट्टीची क्षमता 123 टीएमसी, कोयनेची 105. एवढं डोक्यात असलं की कोणी म्हणालं "दोन दिवस आधी गेट उघडली असती तर धरण अर्धं मोकळं झालं असतं" तर तुम्ही लगेच कागदावर तपासू शकता की त्यासाठी किती लाख क्युसेक सोडावं लागलं असतं आणि त्याच वेळी वरून किती येत होतं. दावा खरा निघेल नाहीतर खोटा, पण तुम्ही तो तपासलात हे महत्त्वाचं.

बातमी ही सुरुवात आहे

बातम्या वाचायच्याच, पण तारखेसकट आणि आवृत्तीसकट. सांगली आवृत्तीत पान एकवर असलेली बातमी मुंबई आवृत्तीत कधीकधी नसतेच. महिन्याभराचे अंक घ्या आणि एका घटनेची बातमी दोन-तीन पेपरांत शेजारी ठेवून वाचा, आणि एक बेळगावचा पेपर त्यात हवाच हवा, तरुण भारत मिळाला तर उत्तमच कारण तो सीमेवरचा आहे. मग एक कन्नड पेपर. कन्नड येत नाही म्हणून सोडू नका, जतकडचा एखादा मित्र असतोच वर्गात, त्याला वडापाव खायला घाला आणि वाचून घ्या, नाहीतर मोबाईलचं भाषांतर चालतंय अंदाज घ्यायला. तिकडं हाच प्रश्न विजयपूर-बागलकोटच्या दुष्काळी शेतीला पाणी मिळण्याचा आणि धरणाखाली ज्यांच्या जमिनी जाणार त्यांच्या मोबदल्याचा म्हणून छापून येतो. आपल्याकडं ते जवळपास दिसतच नाही. हे एकदा वाचलं की तुमच्या पेपरचा सूरच बदलतो.

बातमी वाचताना एकच प्रश्न धरून ठेवा, हे कोण म्हणतंय? "तज्ज्ञांच्या मते" असं असेल तर तज्ज्ञाचं नाव शोधा, नाव नसेल तर ती ओळ वापरू नका. "सूत्रांनी सांगितले" असलं तरी तेच. आणि कोर्टाच्या बातम्यांत एक खास सापळा असतो, "कोर्टाने सरकारला फटकारले" अशी हेडिंग येते, ते न्यायाधीश सुनावणीत तोंडी बोललेलं असतं. लेखी आदेश उघडून बघा, त्यात बऱ्याचदा ते वाक्य नसतंच. पेपरमध्ये दाखला द्यायचा तो लेखी आदेशाचा.

विकिपीडियाबद्दल सर लोक ओरडतात, पण मी म्हणतो वाचा, फक्त दाखला देऊ नका, खाली दिलेल्या लिंका उघडा. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोश आहेच, आपल्या वाईचा, ऑनलाइन फुकट. मात्र नोंद कधीची आहे बघून घ्या, आकडे जुने असू शकतात.

मूळ कागदापर्यंत जा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. वादाच्या प्रश्नात शंभर माणसं एकाच कागदाबद्दल बोलत असतात आणि तो कागद वाचलेली दोन-तीन असतात.

अलमट्टीचाच कागदांचा माग बघा. 1956 चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा. त्याखाली 1969 मध्ये नेमलेला बच्छावत लवाद, ज्यानं महाराष्ट्राला 560, कर्नाटकला 700 आणि तेव्हाच्या आंध्रला 800 टीएमसी असं वाटप केलं. मग 2000 साली सुप्रीम कोर्टानं 519.60 मीटरपर्यंतची वाट मोकळी केली. मग दुसरा, ब्रिजेशकुमार लवाद, त्यानं डिसेंबर 2010 मध्ये 524.256 मीटरला संमती दिली. आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करायला मनाई केली. एवढ्या पाच पायऱ्या नीट लावल्या की "कर्नाटकला परवानगी मिळालीय" म्हणणारा आणि "परवानगी नाहीच" म्हणणारा, दोघं कुठल्या पायरीवर उभं राहून बोलतायत ते दिसतं. पहिला 2010 धरून बोलतोय, दुसरा 2011 धरून.

मग समितीचे अहवाल. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल 2020 मध्ये आला, आणि 2019 च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही असा त्याचा निष्कर्ष गाजला. इथल्या पूर नियंत्रणासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना तो पटला नाही. आता बहुतेक पोरं निष्कर्षाची ओळ उचलतात, बाजूनं असली तर "तज्ज्ञ समितीनेही मान्य केले" आणि विरोधात असली तर "सरकारी समितीने हात झटकले". तसं नको. अहवालात आधी कार्यकक्षा वाचा, म्हणजे समितीला विचारलं काय होतं. मग कुठला डेटा वापरला ते. मग निष्कर्ष. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा या तिन्हीपैकी नेमका कशावर आहे ते लिहिलंत की तुमचं एक अख्खं प्रकरण झालं बघा.

शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, सरकारच्या वेबसाइटवर तारखेनं आणि विभागानं शोधता येतो. उघडला की वर "वाचा" म्हणून यादी असते, त्यात आधीच्या जीआरची नावं-तारखा. ती यादी म्हणजे खजिना. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असं मागं मागं गेलं की धोरण कधी आणि का बदललं ते आपोआप कळतं. आरक्षणावर काम करणाऱ्यांनी तर हे करायलाच पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळातल्या सरकारी नोंदींचा) जीआर निघाला, सातारा गॅझेटची मागणी त्याच्या जोडीनं, आणि तेव्हापासून पारावर बसलेला प्रत्येकजण गॅझेटवर बोलतोय. त्यातल्या किती जणांनी ते पान उघडून पाहिलंय, तुम्हीच विचारा. सोबत 1992 चा, आरक्षणाची 50 टक्के मर्यादा सांगणारा इंद्रा साहनी निकाल आणि 2021 चा मराठा आरक्षण रद्द करणारा निकाल, दोन्ही फुकट वाचायला मिळतात. निकाल शेकडो पानांचे असतात, घाबरू नका, आधी मुद्द्यांची यादी आणि शेवटचा आदेश वाचा, मग लागेल तेवढाच मधला भाग.

शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) जाऊन शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध चाळा, तुमच्या विषयावर कोल्हापुरात कोणीतरी पीएचडी केलेली असण्याची दाट शक्यता आहे. प्रबंध अख्खा वाचायची गरज नाही, मागची संदर्भसूची बघा, तिथं दहा वर्षांची मेहनत आयती मिळते. विधानसभा आणि लोकसभेतली प्रश्नोत्तरं पण सोडू नका, मंत्र्यानं सभागृहात दिलेलं उत्तर सभेतल्या भाषणापेक्षा जपून दिलेलं असतं.

दोघंही खरं बोलत असतील तर?

एफआरपीचं उदाहरण घेऊया, कारण इथं दोन्ही बाजू एकमेकाला खोटारडं म्हणतात आणि बऱ्याचदा दोघंही खरं सांगत असतात. 2025-26 हंगामाला केंद्रानं क्विंटलला 355 रुपये ठरवले, 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). उतारा त्याच्या वर गेला तर प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढतात. समजा कारखान्याचा उतारा 11.25 आहे, तर झाले क्विंटलला 389 रुपये 60 पैसे, टनाला 3896. आता यातून तोडणी-वाहतूक वजा होते, ती समजा 800 धरली तर शेतकऱ्याच्या खात्यावर 3096 पडतात. कारखाना म्हणतो आम्ही 3896 दिली, शेतकरी म्हणतो हातात तीन हजार आले. तुम्ही कुठला आकडा लिहिताय, क्विंटलचा का टनाचा, कपातीआधीचा का नंतरचा, उतारा कुठल्या हंगामाचा, हे प्रत्येक ठिकाणी लिहायलाच पाहिजे. पैसे 14 दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, त्यामुळं "कायद्यानं एकरकमी का हप्त्यानं" या वादात आधी तो आदेश वाचा आणि मग हप्त्यांच्या जीआरवरचा मुंबई हायकोर्टाचा 2025 चा निकाल.

माणसांशी बोलायचं कसं

फिल्डवर्क म्हणून गुगल फॉर्म टाकून मित्रांकडून पन्नास उत्तरं गोळा करायची आणि "72 टक्के लोकांचे मत" असा पाय चार्ट काढायचा, हे थांबवा कृपया. तुमच्या हॉस्टेलवरची पोरं म्हणजे सांगलीची जनता नव्हे. त्यापेक्षा पाच-सहा माणसांशी नीट बसून बोला.

समजा सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरला गेलात. गेल्या गेल्या "पूर कुणामुळं आला?" विचारलंत की टीव्हीवरचं उत्तर मिळणार. आधी विचारा, काकी, पाणी पहिल्यांदा कुठल्या बाजूनं आलं, नदीकडनं का गटारातनं? घरात कुठपर्यंत चढलं? किती दिवस होतं? बऱ्याच घरांत भिंतीवर अजून ओलीची रेघ दिसते, परवानगी घेऊन फोटो काढा, जमिनीपासून टेपनं मोजा. आणि एक काळजी घ्या, लोकांच्या डोक्यात 2005, 2019 आणि 2021 चे पूर एकमेकांत मिसळलेले असतात. तारीख विचारू नका, सण विचारा. 2019 चा नागपंचमीच्या आठवड्यातला, 2021 चा आषाढी एकादशी झाली आणि गुरुपौर्णिमेच्या सुमाराचा. सण सांगितला की लगेच गाडी रुळावर येते.

नाव छापू का हे आधी विचारायचं, रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी सांगायचं. आरक्षण किंवा जमीन संपादनावर बोलताना तर नाव बदलूनच लिहा, गाव लहान असेल तर गावाचं पण नका लिहू, कारण तुमचा पेपर कुठं फिरेल सांगता येत नाही आणि त्या माणसाला त्याच गावात राहायचंय. एका बाजूच्या दोघांशी बोललात तर दुसऱ्या बाजूच्या दोघांशी बोला. पूररेषेत घर बांधलेल्याशी पण आणि महापालिकेत नगररचनेचं काम बघणाऱ्याशी पण. जाताना निळी आणि लाल रेषा म्हणजे काय ते वाचून जा, निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची, नाहीतर साहेब दोन मिनिटांत कटवतात.

माहिती अधिकार

वापरा, पण वेळेत. उत्तराला कायद्यानं 30 दिवस आहेत, म्हणजे फेब्रुवारीत सबमिशन असेल तर अर्ज डिसेंबर उजाडताच गेला पाहिजे. दहा रुपये फी, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. "पूर का आला" असं विचारायचं नसतं, का विचारलं की "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पाणीपातळीच्या नोंदवहीची प्रत. पोचपावती जपून ठेवा. उत्तर नाही आलं तरी परिशिष्टात अर्ज आणि पोच लावा, परीक्षकाला तुमचे कष्ट दिसतात.

एआयचं काय?

वापरणार आहातच, म्हणून सांगतो. कन्नड बातमीचा अंदाज घ्यायला, लांबलचक इंग्रजी निकालाचा कुठला भाग वाचायचा ते शोधायला चांगलं आहे. संदर्भ मात्र त्याला मागू नका, ते न लिहिलेले लेख आणि न झालेले निकाल छान सजवून देतं, पान नंबरासकट. जो कागद तुम्ही स्वतः उघडला नाही तो संदर्भसूचीत जाता कामा नये, एवढा एकच नियम पाळा.

लिहायला बसल्यावर

वहीत तीन रकाने पाडा, दावा, कोण म्हणतंय, कशाच्या आधारावर. तिसरा रकाना रिकामा राहिला की तो दावा पेपरमध्ये "असा आरोप केला जातो" एवढ्याच ताकदीनं लिहायचा. आधार असेल तर "नोंदीनुसार". कोर्टानं ठरवलं असेल तरच "सिद्ध झालं". ही क्रियापदं सांभाळली तर निम्मं काम झालं. "पाणीचोर", "लुटारू कारखानदार", "विकासविरोधी" हे शब्द कुणाच्या तरी तोंडचे म्हणून अवतरणात येऊ शकतात, तुमच्या तोंडचे म्हणून नको.

ज्या बाजूला तुम्ही नाही तिचं प्रकरण आधी लिहा. ते लिहून झालं की त्या बाजूच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. तो म्हणाला "हां, आमचं म्हणणं हेच आहे" तर पुढं जा. तो म्हणाला "हे असं नाही ओ" तर कुठं नाही ते विचारून घ्या आणि दुरुस्त करा. आणि तुमचं स्वतःचं मत असायला काही हरकत नाही, तटस्थ दिसायच्या नादात "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे" असं गुळमुळीत लिहिण्यापेक्षा शेवटच्या प्रकरणात स्पष्ट लिहा की या पुराव्यावरून मला असं वाटतं, आणि अमुक नोंदी उद्या वेगळ्या निघाल्या तर मी मत बदलेन.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक हमखास हेच विचारतात, "तुझ्या मताविरुद्धचा सगळ्यात दमदार मुद्दा कुठला?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत पाठ नाही, तयार ठेवा. आणि जाताना मूळ कागदांच्या झेरॉक्सची वेगळी फाइल घेऊन जा, प्रत्येक लिंक उघडली त्या दिवसाची तारीख टाकून आणि पीडीएफ सेव्ह करून, कारण सरकारी वेबसाइट नेमकी त्याच दिवशी बंद असते.